प्रकल्प नोंदी: बेलाउस्ते, सेंटर हाफ

६ जानेवारी

फुटबॉलच्या इतिहासावरच्या आपल्या मराठी श्राव्य मालिकेचा चौथा भाग बेलाउस्तेवर करायचा, हे आज नक्की झालं. आधीच्या तीन भागांत गोल करणारे आले, गोल अडवणारे आले. मैदानाच्या मधोमध उभं राहून दोन्ही कामं ओढणारा माणूस अजून आलेला नाही.

होसे मारिया बेलाउस्तेगिगोइतिया. जन्म ३ सप्टेंबर १८८९, उत्तर स्पेनमधलं बिल्बाओ. मैदानावर सगळे बेलाउस्तेच म्हणायचे आणि आपणही तेच म्हणू. उंची १.९३ मीटर सांगतात. त्या काळात एवढा माणूस मैदानात उतरला की चेंडूकडे बघायच्या आधी लोक त्याच्याकडे बघत असणार. वकिली शिकलेला, खात्यापित्या घरातला, विचाराने कट्टर बास्क राष्ट्रवादी, म्हणजे उत्तर स्पेनमधल्या बास्क लोकांची वेगळी ओळख मानणारा. आयुष्यभराचा क्लब एकच, बिल्बाओचा ॲथलेटिक.

स्पॅनिश फुटबॉलची ओळख असलेल्या कुणालाही त्याचं नाव विचारा, एकच गोष्ट ऐकायला मिळेल: १९२० चं ऑलिंपिक, स्वीडनविरुद्धचा गोल आणि त्याआधी त्याने मारलेली हाक. गोष्ट मोठी आहे, वादच नाही. पण तो सोळाव्या वर्षाच्या आसपास ॲथलेटिकमध्ये आला आणि १९२० नंतरही खेळत होता. दीड दशकाहून मोठी कारकीर्द एका मिनिटात गुंडाळली जाते, हे मला पटत नाही. हा भाग त्यासाठीच करायचा.

९ जानेवारी

आज बिल्बाओ शहर मांडून घेतलं. त्याशिवाय क्लब कळत नाही.

नेर्विओन नदीच्या खाडीकाठी वसलेलं बंदर. आजूबाजूच्या डोंगरांत लोखंडाचं खनिज. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते खनिज जहाजांतून इंग्लंडला जायचं आणि परतीच्या जहाजांतून कोळसा, यंत्रं, इंजिनिअर यायचे. त्या लोकांबरोबर फुटबॉलही आला. दुसरीकडून बिल्बाओच्या सधन घरांतली मुलं शिकायला इंग्लंडला गेली आणि खेळ शिकून परतली. अशा दोन वाटांनी आलेल्या खेळातून ॲथलेटिक क्लब उभा राहिला. क्लब आपलं स्थापनावर्ष १८९८ मानतो. नाव इंग्रजी वळणाचं आहे ते याचमुळे.

लाल-पांढऱ्या पट्ट्यांची गोष्ट भागात घ्यायचीच. आधी ॲथलेटिकचा शर्ट निळा-पांढरा होता, ब्लॅकबर्न रोव्हर्ससारखा. हुआन एलोर्दुई नावाचे क्लबचे गृहस्थ इंग्लंडला गेले होते, त्यांच्यावर नवे शर्ट आणायची जबाबदारी होती. हवे तसे पुरेसे मिळेनात. परतीची बोट साउदॅम्प्टनहून सुटणार होती, तेव्हा त्यांनी तिथल्याच क्लबचे लाल-पांढरे शर्ट उचलले. १९१० पासून ॲथलेटिक त्या रंगात खेळतं. बिल्बाओ शहराचा झेंडाही लाल-पांढराच, त्यामुळे लोकांना हा बदल जड गेला नाही. त्यातले काही शर्ट माद्रिदमधल्या भावंड क्लबाकडे गेले. आजच्या ॲटलेटिको माद्रिदचे पट्टे तिथून आलेले.

बेलाउस्ते दोन्ही रंगांत खेळला.

१४ जानेवारी

१९११ वर पूर्ण दिवस गेला. जायलाच हवा होता, कारण ॲथलेटिकची आजची सगळ्यात मोठी ओळख या वर्षाशी जोडलेली आहे.

त्या वर्षीची राजाच्या नावाची कप स्पर्धा बिल्बाओजवळ गेत्शोच्या होलासेता मैदानावर झाली. ॲथलेटिकने इंग्लिश खेळाडू आणल्यावरून इतर क्लबांनी, विशेषतः सान सेबास्तियानच्या मंडळींनी, जोरदार हरकत घेतली. भांडण पेटलं, संघ माघारी गेले, तरी स्पर्धा पार पडली आणि ॲथलेटिकने कप जिंकला. पण या वादानंतर क्लबने परदेशी खेळाडूंचा नाद सोडला. आपल्याच मातीतल्या पोरांवर संघ उभा करायचा, हा शिरस्ता तिथून रुजला आणि शंभर वर्षांनंतरही चालू आहे. बास्क प्रदेशात जन्मलेला किंवा तिथे खेळ शिकलेला खेळाडूच ॲथलेटिकमध्ये येतो.

पुढे प्रशिक्षक मात्र इंग्लिश आले आणि त्याला कुणाची ना नव्हती. हे मला फार शहाणपणाचं वाटतं. शिकवणारा कुठलाही असो, खेळणारा आपला. बिली बार्न्स हे त्यातलं महत्त्वाचं नाव. १९०२ च्या इंग्लंडमधल्या एफ. ए. कप फायनलच्या फेरसामन्यात शेफील्ड युनायटेडसाठी साउदॅम्प्टनविरुद्ध विजयी गोल मारणारा तोच हा बार्न्स. बिल्बाओला आल्यावर त्याने एकेकट्याने चेंडू घोळवत नेण्याची सवय मोडली. मधून चेंडू लांब, कडेने धावणाऱ्या विंगरकडे द्यायचा, विंगरने तो गोलसमोर टाकायचा आणि बाकीच्यांनी तुटून पडायचं. वेगवान, थेट खेळ.

आता हा लांब चेंडू मधून द्यायचा कुणी? सेंटर हाफने. म्हणजे बार्न्सचा सगळा डाव बेलाउस्तेच्या पायावर फिरत होता.

१९ जानेवारी

आमच्या इथले निवृत्त फुटबॉल प्रशिक्षक सर घरी आले होते. सेंटर हाफचं काम ऐकणाऱ्यांना कसं समजावायचं, यावर बसलो. आजचा श्रोता सेंटर हाफ म्हटलं की बचावफळीतला उंच माणूस डोळ्यांसमोर आणतो. १९१५ चा सेंटर हाफ तो नव्हे.

सरांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, आईच्या शिवणाच्या डब्यातली बटणं मागितली आणि मांडणी केली. गोलरक्षक एक. त्याच्यापुढे दोन बॅक. मग तीन हाफ. मग पाच फॉरवर्ड. दोन-तीन-पाच. प्रतिस्पर्ध्यासाठी काळी बटणं तशीच उलटी लावली. मग मधलं पांढरं बटण बोटाने दाबून धरलं.

"हा बघ. समोरच्यांचा सेंटर फॉरवर्ड याच्या अंगावर. आपले पाचही फॉरवर्ड याच्या चेंडूवर जगणारे. आजूबाजूचे हाफ विंगरच्या मागे गुंतलेले. एवढा मोठा मधला पट्टा आणि माणूस एकच."

"आणि सर, तेव्हाचा ऑफसाइड?"

"तोच तर मुद्दा आहे. तेव्हा पुढे गेलेल्या खेळाडूच्या आणि गोललाइनच्या मध्ये तीन जण लागायचे. गोली धरून तीन." त्यांनी दोनपैकी एक बॅक वीतभर पुढे सरकवला. "झालं. एक बॅक पुढे आला की समोरचा फॉरवर्ड ऑफसाइड. मग सगळेच मागे येतात आणि मैदानाच्या मध्यात नुसती गर्दी होते." बटणं मध्यावर गोळा झाली होती. "आता या गर्दीत चेंडू जिंकायचा, उभं राहायचं आणि मान वर करून विंग बघायची. किरकोळ माणसाचं काम आहे का हे?"

हेच हवं होतं. बेलाउस्तेची उंची आणि वजन याविषयी सगळे कौतुकाने बोलतात, पण ते शरीर कुठे कामाला येत होतं, ते या बटणांत दिसलं. त्यात चेंडू चामड्याचा, आत रबरी फुगा, वर नाडी बांधलेली. बिल्बाओला सिरिमिरी म्हणतात ती बारीक भुरभुर तासन् तास चालते. पाणी प्यायलेला तो चेंडू गर्दीतून चाळीस यार्डांवरच्या विंगरपर्यंत पोचवायचा, तर पायात ताकदही हवी आणि नजरही. बदली खेळाडू नव्हते. लंगडत का होईना, नव्वद मिनिटं मैदानातच.

१९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम बदलला, तिनाचे दोन झाले. फॉरवर्ड मोकळे सुटले, गोल वाढले आणि इंग्लंडमध्ये आर्सेनलने सेंटर हाफला मागे खेचून दोन बॅकच्या मध्ये उभं केलं. हळूहळू सगळीकडे तेच झालं. बेलाउस्ते ज्या जागेवर खेळला ती जागाच मैदानातून गेली. त्याची कारकीर्दही त्याच सुमाराला संपलेली.

सर जाताना म्हणाले, "हे बटणांचं सगळं सांग बरं का, गाळू नकोस." गाळणार नाही.

२३ जानेवारी

तीन कपांचा तक्ता तयार. १९१४, १९१५, १९१६, लागोपाठ.

१९१४ ची फायनल इरुनला, एस्पान्या या बार्सिलोनातल्या संघाविरुद्ध, २-१. १९१५ चीही इरुनलाच, एस्पान्योलविरुद्ध ५-०. १९१६ ची बार्सिलोनात, माद्रिदविरुद्ध ४-०. शेवटच्या दोन फायनलमध्ये नऊ गोल केले आणि एकही खाल्ला नाही. फॉरवर्डांची नावं सगळे सांगतात. शून्य खाल्ले त्याचं श्रेय बॅक, गोली आणि मधल्या फळीचं, म्हणून हा शून्याचा मुद्दा भागात ठळकपणे यायला हवा.

हाच काळ सान मामेसचा. ऑगस्ट १९१३ मध्ये ते मैदान उघडलं. रासिंग दे इरुनविरुद्ध पहिला सामना, १-१, आणि मैदानावरचा पहिला गोल पिचिचीचा. पिचिची म्हणजे राफाएल मोरेनो. स्पेनमध्ये लीगच्या सर्वाधिक गोल करणाऱ्याला आजही त्याच्या नावाचं पारितोषिक देतात. अंगकाठीने लहानखुरा, डोक्याला पांढरा रुमाल बांधून खेळणारा. मागे बेलाउस्तेसारखा धिप्पाड, पुढे हा चपळ. ॲथलेटिकच्या त्या संघाचं चित्र उभं करायला ही जोडी पुरेशी आहे.

लीग मात्र तेव्हा नव्हती, हे सुरुवातीलाच सांगायला हवं. स्पेनची लीग १९२९ ला सुरू झाली. तोवर प्रादेशिक स्पर्धा आणि तिथून पुढे कप, एवढंच. पगारही नव्हता; व्यावसायिक खेळाला अधिकृत मान्यता १९२६ ची. बेलाउस्ते आयुष्यभर हौशी खेळाडू राहिला. आजच्या आकडेवारीच्या तक्त्यात बसवायला गेलं तर त्याच्या नावापुढे लीगचे सामने शून्य, लीगचे गोल शून्य. त्या तक्त्यावरून त्याचं मोल ठरवणं अन्यायाचं आहे.

भाऊ रामोनही ॲथलेटिककडून खेळला. तो पुढे पत्रकार झाला आणि १९३३ मध्ये निकाराग्वाला जाऊन तिथला बंडखोर नेता सांदिनो याला भेटून आला. त्याच्यावर वेगळा भाग होऊ शकतो. इथे एक वाक्य बास.

३० जानेवारी

आता १९२०. अँटवर्प, त्या ऑलिंपिकचं बेल्जियममधलं शहर.

मे महिन्यात हिहोनला कपची फायनल झाली. बार्सिलोनाने ॲथलेटिकला २-० हरवलं. बार्सिलोनाच्या गोलमध्ये रिकार्दो सामोरा, संघात सामितिएर आणि सेसुमागा. चार महिन्यांच्या आत हे तिघं आणि बेलाउस्ते, पिचिची, आसेदो एकाच संघात होते. स्पेनचा राष्ट्रीय संघ त्याआधी कधी मैदानात उतरलेलाच नव्हता. ऑलिंपिकसाठी पहिल्यांदा बांधला.

२८ ऑगस्टला डेन्मार्कविरुद्ध जे अकरा जण उतरले त्यांची यादी पुन्हा लिहून काढली: सामोरा, ओतेरो, आरात्ते, सामितिएर, बेलाउस्ते, एगियासाबाल, पागासा, सेसुमागा, पात्रिसियो, पिचिची, आसेदो. यातले आठ बास्क. ॲथलेटिक, रेआल सोसिएदाद, इरुनचा रेआल युनिओन असे क्लब वेगवेगळे, एक सेसुमागा तर बार्सिलोनात खेळणारा, पण माती एक. पात्रिसियोच्या गोलवर स्पेनने १-० जिंकलं. स्पेनचा इतिहासातला पहिला गोल तोच.

दुसऱ्याच दिवशी बेल्जियम. आदल्या दिवशीचे थकलेले पाय, समोर यजमान. बेल्जियमच्या कोपेने तीन गोल मारले आणि स्पेन १-३ ने हरलं. खरं तर तिथेच बाहेर. पण त्या ऑलिंपिकमध्ये हरलेल्या संघांसाठी दुसऱ्या क्रमांकाची वेगळी स्पर्धा होती, त्यामुळे वाट उघडी राहिली.

याच अँटवर्पला भारताचीही तुकडी होती, हे मराठी श्रोत्यांना सांगायलाच हवं. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धा बघून दोराबजी टाटांनी पुढाकार घेतला आणि खेळाडू पाठवले. बेळगावचा फडेप्पा चौगुले २२ ऑगस्टला मॅरेथॉन धावला, एकोणिसावा आला. सदाशिव दातार त्याच शर्यतीत होते. कुस्तीत कुमार नवले आणि रणधीर शिंदे. शिंदे फेदरवेट गटात चौथे, पदक एका कुस्तीने हुकलं. चौगुलेने शर्यत संपवल्यावर आठवड्याभरात त्याच ऑलिंपिकमध्ये बेलाउस्ते मैदानात उतरला. भागात हा परिच्छेद मधोमध येईल, ओढूनताणून नाही, कारण स्पर्धा तीच आहे.

४ फेब्रुवारी

१ सप्टेंबर १९२०. स्पेन विरुद्ध स्वीडन. या एका सामन्यावर भागाची आठ मिनिटं द्यायची ठरवली आहेत.

सामना धसमुसळा. दोन्ही बाजूंनी अंगावर जाणं, पाडापाडी, त्या काळच्या मोजमापानेही फार. आधी गोल स्वीडनचा, डाल या खेळाडूने मारलेला. मध्यंतरापर्यंत ०-१.

उत्तरार्धाच्या सुरुवातीला स्पेनला फ्री किक मिळाली. घ्यायला साबिनो बिल्बाओ, हाही ॲथलेटिकचाच हाफ. वर्षानुवर्षं एकाच फळीत शेजारी खेळलेली ही दोघं. बेलाउस्ते आपली मधली जागा सोडून पुढे निघाला आणि ओरडला, "साबिनो, चेंडू माझ्याकडे दे, मी यांना तुडवत जातो!" स्पॅनिशमध्ये या हाकेचे शब्द सांगणाऱ्यागणिक थोडे मागेपुढे होतात, पण साबिनोचं नाव आणि तुडवण्याची भाषा कायम असते. साबिनोने चेंडू उंच टाकला. बेलाउस्ते धावत आला आणि चेंडू, आडवे आलेले स्वीडिश खेळाडू आणि तो स्वतः असं सगळं मिळून गोलात गेलं. १-१. तेव्हा खांद्याने रेटून जाणं नियमात बसायचं, गोलरक्षकालाही.

लगेच आसेदोने दुसरा गोल मारला. तोही ॲथलेटिकचा. २-१.

संहितेचा पहिला खर्डा मैत्रिणीला वाचायला दिला. आवाज तिचाच आहे. ती म्हणाली, "अगं, हा गोल वाचताना आवाज चढतोच. पण पहिल्या मिनिटाला हाच गोल घेतलास तर पुढची पंचवीस मिनिटं कोण ऐकेल?"

तिचं बरोबर आहे. आणि माझं कारण वेगळं आहे: बटणांचा भाग ऐकल्यावरच या गोलाचा अर्थ लागतो. सेंटर हाफ आपली जागा सोडून पुढे गेला म्हणजे मागे मैदान उघडं पडलं. चेंडू हुकला असता तर स्वीडनला मोकळं रान मिळालं असतं. तीस वर्षांचा, कपच्या फायनली खेळून मुरलेला माणूस हा हिशेब करूनच धावला असणार. लोक त्या गोलात आडदांडपणा बघतात, मला त्यात निर्णय दिसतो. साबिनो कुठे चेंडू टाकतो, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

दोन दिवसांनी त्याला एकतीस वर्षं पूर्ण झाली.

५ फेब्रुवारी

उरलेलं अँटवर्प थोडक्यात. २ सप्टेंबरला इटलीवर २-०, सेसुमागाचे दोन्ही. सामोराला मारामारीवरून बाहेर काढलं, त्याच्या जागी गोलमध्ये फॉरवर्ड सिल्व्हेरिओ उभा राहिला. त्याच दिवशी मुख्य फायनलमध्ये बेल्जियमविरुद्ध ०-२ ने मागे असताना चेकोस्लोव्हाकियाचा संघ पंचांवर चिडून मैदानाबाहेर गेला आणि बाद ठरला. फ्रान्सचा संघ आधीच घरी परतलेला. त्यामुळे रौप्यपदकासाठी ५ सप्टेंबरला स्पेन आणि नेदरलँड्स अशी गाठ पडली. स्पेन ३-१. दोन गोल सेसुमागाचे, एक पिचिचीचा. नऊ दिवसांत संघाचे पाच सामने.

बेलाउस्तेची आंतरराष्ट्रीय कारकीर्द एवढीच: तीन सामने, एक गोल, एक रौप्यपदक.

११ फेब्रुवारी

भागाचा कणा आज सापडला.

स्पेनच्या फुटबॉलला पुढे ज्या 'फुरिया'ने, म्हणजे त्वेषाने, ओळखलं गेलं, ते बिरुद अँटवर्पमधूनच आलं आणि या गोलाशी कायमचं जोडलं गेलं. शहराला त्या शब्दाची जुनी, वाईट आठवण होती. नोव्हेंबर १५७६ मध्ये पगार थकलेल्या स्पॅनिश सैन्याने अँटवर्प लुटलं, जाळलं, हजारोंनी माणसं मारली. सधन व्यापारी शहर त्यातून कधी पुरतं सावरलं नाही. नेदरलँड्सच्या इतिहासात तो प्रसंग 'स्पॅनिश फुरिया' म्हणूनच नोंदलेला आहे. तीनशे चव्वेचाळीस वर्षांनी त्याच शहरात लाल शर्टातला संघ धडका मारत जिंकायला लागल्यावर तो शब्द पुन्हा वर आला. या वेळी स्पेनमध्ये तो अभिमानाने उचलला गेला.

पुढे स्पेनमध्ये यादवी युद्ध झालं, हुकूमशहा फ्रँकोची राजवट आली. त्या राजवटीला हा शब्द फारच सोयीचा वाटला. एकसंध, मर्दानी, कणखर स्पेन. आणि त्याचं मैदानावरचं रूप म्हणजे फुरिया. अँटवर्पचा गोल शाळकरी पोरांनाही पाठ. आणि ज्याने तो गोल मारला तो माणूस? बास्क राष्ट्रवादी. त्या राजवटीत त्याला स्वतःच्या शहरात जागा नव्हती. तो मेक्सिकोत निर्वासित.

हे लिहिताना मला राग येतो आणि तो संहितेत उतरला तरी चालेल. माणूस हाकलायचा आणि त्याची हाक ठेवून घ्यायची, हे त्याच्या बाबतीत घडलं. तो एक मिनिट एवढा मोठा का झाला आणि उरलेली वर्षं एवढी लहान का झाली, याचं निम्मं उत्तर इथे आहे. हाक कामाची होती, माणूस नव्हता.

उरलेलं निम्मं उत्तर साधं आहे: मधल्या फळीतल्या माणसाचं काम नेहमीच कमी दिसतं.

१६ फेब्रुवारी

१९२१ आणि १९२२ ची जोडणी.

मे १९२१ मध्ये ॲथलेटिकने पुन्हा कप जिंकला, घरच्या सान मामेसवर, माद्रिदच्या भावंड क्लबावर ४-१. प्रशिक्षक पुन्हा बिली बार्न्स. आसेदोचे दोन, लाकाचे दोन. जुन्या संघाचा हा शेवटचा मोठा दिवस म्हणायला हरकत नाही.

१ मार्च १९२२ ला पिचिची गेला. विषमज्वरासारख्या तापाने, तिशीही गाठली नव्हती. १९२६ मध्ये सान मामेसवर त्याचा अर्धपुतळा बसवला. कुठलाही संघ पहिल्यांदा तिथे खेळायला आला की त्यांचा कर्णधार त्या पुतळ्याला फुलं वाहतो. जुनं मैदान पाडून शेजारी नवं बांधलं, तरी प्रथा चालू आहे. १९२५ मध्ये सेसुमागाही क्षयाने गेला, सत्तावीस वर्षांचा होण्याआधी. अँटवर्पच्या त्या पाच फॉरवर्डांतले दोन पाच वर्षांच्या आत संपले.

हा भाग संथ वाचायचा आहे. मैत्रिणीला कळवलं.

२५ फेब्रुवारी

मेक्सिको.

१९ जून १९३७ ला बिल्बाओ फ्रँकोच्या सैन्याच्या हाती पडलं. त्याआधी एप्रिलमध्ये बास्क सरकारने आपल्या उत्तम खेळाडूंचा संघ बाहेर पाठवला होता, एउस्कादी या नावाने. निर्वासित बास्कांसाठी पैसा उभा करायचा आणि जगाला आपली बाजू सांगायची. पॅरिसला पहिला सामना २६ एप्रिलला, लांगाराचे तीन गोल, ३-० जिंकले. त्याच दुपारी जर्मन आणि इटालियन विमानांनी गेर्निका जाळलं. संघ युरोपभर खेळत शेवटी मेक्सिकोला पोचला आणि १९३८-३९ च्या तिथल्या लीगमध्ये दुसरा आला. मेक्सिकोचे अध्यक्ष लासारो कार्देनास यांचं सरकार तेव्हा स्पेनमधल्या निर्वासितांना आसरा देत होतं. युद्ध हरल्यावर हजारो लोक तिकडे गेले. बेलाउस्तेही.

इकडे ॲथलेटिकला इंग्रजी वळणाचं नावही टाकावं लागलं. १९४१ पासून 'ॲटलेटिको दे बिल्बाओ'. जुनं नाव परत मिळालं ते १९७० च्या दशकात. साउदॅम्प्टनच्या शर्टांचा, बार्न्सचा, बंदरावरच्या इंजिनिअरांचा इतिहास नावातून खरवडायचा प्रयत्न झाला. बेलाउस्ते गेला तेव्हा क्लब त्या बदललेल्या नावानेच खेळत होता.

मृत्यू ४ सप्टेंबर १९६४, मेक्सिको सिटी. पंच्याहत्तरावा वाढदिवस आदल्या दिवशी झाला होता. त्याच वर्षी जूनमध्ये माद्रिदच्या बेर्नाबेउ मैदानावर फ्रँकोच्या उपस्थितीत स्पेनने सोव्हिएत संघाला २-१ हरवून युरोपचं अजिंक्यपद मिळवलं होतं. ही दोन वाक्यं संहितेत लागोपाठ ठेवली आहेत. मध्ये काही भाष्य घालणार नाही.

२ मार्च

सरांनी पूर्ण संहिता वाचली. दोन सूचना केल्या. एक, सामितिएर आणि बेलाउस्ते यांची तुलना वाढवावी: अँटवर्पला हे दोघं शेजारी खेळले, एक अठरा वर्षांचा, दुसरा तीस ओलांडलेला, सामितिएर पुढे बार्सिलोनाचा लाडका झाला आणि हाफच्या जागेवरून गोल करत सुटला. जुना सेंटर हाफ आणि नवा मिडफिल्डर एकाच फळीत, हे चित्र खरंच बोलकं आहे. घेतलं, दीड मिनिट दिलं.

दुसरी सूचना, १९११ च्या वादाला कात्री लावावी. नाही लावली. आपल्या मातीतल्या पोरांवर संघ बांधायचा हा हट्ट तिथून सुरू झाला आणि त्या हट्टाच्या पहिल्या पिढीचा मधला खांब बेलाउस्ते होता. तो वाद काढला तर हा माणूस अधांतरी राहतो. सरांना फोन करून सांगितलं. थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "बरं, राहू दे. पण माघारी गेलेल्या संघांची यादी तरी काढ." काढली.

८ मार्च

अंतिम क्रम लावला: बंदर आणि क्लब, शर्ट, १९११, बटणांची मांडणी, तीन कप, अँटवर्प आणि त्यात पुण्याहून निघालेली तुकडी, स्वीडनचा सामना, फुरियाची गोष्ट, १९२१, पिचिची, मेक्सिको. स्वीडनचा गोल साधारण सतराव्या मिनिटाला येतो.

ध्वनिमुद्रण रविवारी सकाळी. बास्क नावांचे उच्चार मैत्रिणीने तीनदा म्हणून घेतलेत. 'बेलाउस्तेगिगोइतिया' आता ती न अडखळता म्हणते आणि भागात एकदाच, अगदी सुरुवातीला म्हणणार आहे. गोलाच्या वेळी पार्श्वसंगीत नको, प्रेक्षकांचा खोटा गलकाही नको, असं संकलकांना लेखी कळवलं.

पुढचा भाग पात्रिसियोचा. इरुन, रेआल युनिओन आणि डेन्मार्कविरुद्धचा तो पहिला गोल. कामाला उद्यापासून.